राजीखुशीची सही

दुसऱ्यांच्या घरची भांडणं वाचायचे मला पैसे मिळतात. आठवड्यातून दोन दिवस, डब्लिनजवळच्या नास गावाच्या पुढे एका जुन्या बड्या घराच्या तबेल्यात. घोडे जाऊन किती वर्षं झाली कुणास ठाऊक. आता तिथे लोखंडी रॅक आहेत, हवेतला दमटपणा मोजणारं एक यंत्र आहे आणि त्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कागदपत्रं आहेत. कागद वाचायचा, त्याला नंबर द्यायचा, दोन ओळींत सार लिहायचं. पुण्यात मी एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात अठरा वर्षं काढली. नवऱ्याला लिक्सलिपच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी माझी सोडली. इथल्या एकाही बँकेने माझ्या अठरा वर्षांना हिंग लावून विचारलं नाही. विचारलं ते या तबेल्याने, कारण गहाणखत म्हणजे काय हे न शिकवता कळणारी बाई त्यांना स्वस्तात मिळत होती.

माझ्या वाट्याला एक ट्रंक आली होती. घराण्यातला एक धाकटा मुलगा अमेरिकेला गेला, ती नुकती कुठे स्वतंत्र झाली होती तेव्हा. पेनसिल्व्हेनियात त्याने पिठाच्या व्यापारात चांगलं बस्तान बसवलं. पुढे त्याच्या नातवंडांपैकी कुणीतरी त्याचे सगळे कागद इकडे परत आणले. त्यात पत्रं होती, वचनचिठ्ठ्या होत्या, जमिनीची खतं होती. तिकडे म्हणे गावोगावची बँक स्वतःच्या नोटा छापायची, आणि हा गडी घरी कळवायचा की अमुक बँकेची नोट कुणी दिली तर घेऊ नका, ती चुलीत घालायच्या लायकीची आहे. एका कागदावर चार जणांनी मागच्या बाजूने सह्या करून पैसे पुढे ढकलले होते. आमच्या मुख्य बाईंना तो उलगडेना. मी म्हटलं, ही हुंडी आहे. साठीच्या पुढच्या, कोपरं विरलेला स्वेटर घालणाऱ्या या बाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून चहा आधी माझ्या कपात ओतायला लागल्या.

मला ते काम आवडायचं, हे कबूल करते. माणसाच्या खाजगी कागदांत प्रेमाबद्दल फारसं खरं लिहिलेलं नसतं. कुणाला काय दिलं आणि कुणाकडून काय लिहून घेतलं, तेवढं मात्र खरं असतं. त्या ट्रंकेत पिठाच्या व्यापाऱ्याने आपल्या इथल्या बहिणीला लिहिलेल्या एका पत्राचा कच्चा मसुदा होता. पहिली दीड पानं तब्येतीची चौकशी, लहानपणीच्या आठवणी, देवाची कृपा. शेवटच्या चार ओळींत, सोबतच्या कागदावर तुझी सही हवी आहे. मी ते सारात लिहिलं आणि मनातल्या मनात हसले. हसायला माझं काय जात होतं? माझा भाऊ तोवर फोनवर फक्त तब्येतीचीच चौकशी करत होता.

बाबा गेले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मृत्युपत्र त्यांनी केलं नव्हतं. आयुष्यभर लोकांना सल्ले दिले, पण स्वतःचं मरण त्यांच्या हिशेबात नव्हतं. पुण्यातला फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. कायद्याने त्याचे तीन वारस: आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. प्रत्येकी तिसरा हिस्सा. सोसायटी पुनर्विकासाला निघाली होती, त्यामुळे त्या जुन्या तीन खोल्यांची किंमत अचानक डोळे फिरण्याइतकी झाली होती. आम्ही इथे भाड्याच्या घरात होतो, आणि घरमालक ते विकायच्या विचारात होता. नासमध्ये आम्ही एक घर पाहून ठेवलं होतं. कर्ज मिळत होतं, पण आधी भरायची रक्कम कमी पडत होती. माझ्या हिश्शातून ती भरून निघाली असती आणि वर थोडे उरलेही असते. मी कुणाला बोलले नव्हते, पण त्या घराच्या कुठल्या खोलीत आईला ठेवायचं हेसुद्धा मी ठरवलं होतं.

मग एका रविवारी सकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी आई बसली होती. फोन त्याच्या हातात, त्यामुळे आईचं अर्धंच तोंड दिसत होतं. मुलांच्या परीक्षा झाल्या, पाण्याची बोंब झाली, मग तो म्हणाला, "ताई, एक छोटंसं काम होतं गं. बिल्डरला सिंगल टायटल हवंय. म्हणजे बाबांच्या जागी एकच नाव. तर तुझं आणि आईचं हक्कसोडपत्र करून टाकू. नुसती फॉर्मॅलिटी आहे."

नुसती फॉर्मॅलिटी! हे दोन शब्द मी अठरा वर्षं विकले आहेत, त्यामुळे त्यांचा भाव मला माहीत होता. बिल्डरला एकच नाव लागतं असं काही नाही; तीन नावांवर करार होतात, मी स्वतः त्यांची कर्जं केली आहेत. मी तसं म्हटलं.

"अगं, होतात, पण लटकतात," तो म्हणाला. "तू तिकडे, सह्या इकडे, प्रत्येक वेळी नोटरी. आणि ताई, आईचं सगळं मीच बघतोय ना? औषधं, डॉक्टर, सगळं. मी कधी काही बोललो का तुला?"

बोलला नव्हता, आणि म्हणून आत्ता बोलत होता. मी आईला विचारलं, "आई, तुझं काय म्हणणं?"

अर्धं तोंड म्हणालं, "तुम्ही दोघं ठरवाल ते."

फोन ठेवला आणि मला आठवली ती माझ्याच टेबलासमोर बसलेली एक बाई. भावाचं कर्ज मंजूर व्हायला वडिलार्जित घर तारण लागायचं, आणि तारणाला बहिणींची हक्कसोडपत्रं. गावाहून बहिणी यायच्या. ही आली तेव्हा अंगावरच्या साडीची दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती; भावाने आदल्या दिवशी घेऊन दिली होती. तिने विचारलं, "मॅडम, सही नाही केली तर?" मी म्हटलं, "भावाचं कर्ज अडेल हो. आणि माहेर काय, साडीचोळीला आहेच की." तिने सही केली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही, मागे रांग होती. अशा किती जणींची साडीचोळीवर बोळवण मी केली असेल! त्या वर्षी कर्जवाटपात आमची शाखा पहिली आली होती.

मला वाटलं होतं, नवरा माझ्या बाजूने उभा राहील. निदान घरासाठी तरी. तो डोक्याने इंजिनिअर आहे, आकडा त्याला कळतो. संध्याकाळी तो कारखान्यातून आल्यावर त्याला मी सगळं सांगितलं. तो भांडी पुसून प्रेसमध्ये ठेवत होता. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणतो. तो कपबशा लावत राहिला आणि पाठमोराच म्हणाला, "करून टाक सही."

"आणि नासचं घर?"

"बघू आपण. अजून एक वर्ष थांबू."

"माझ्या बापाच्या घरातला हिस्सा आहे तो. तुला त्याचं काहीच वाटत नाही?"

मग त्याने खरं काय ते सांगितलं. त्याच्या वडिलांमागे त्याच्या दोन्ही बहिणींनी त्याला असंच लिहून दिलं होतं, चार वर्षांपूर्वी. ते कागद मीच तयार केले होते. शब्दन्‌शब्द माझा. "आता तू भावाकडे हिस्सा मागितलास," तो म्हणाला, "तर त्या दोघी मला काय म्हणतील? त्यांना काय तोंड दाखवू?"

म्हणजे त्याची अब्रू राहावी म्हणून माझा हिस्सा जाणार होता. मी चिडले, आरडाओरडा केला, दोन दिवस अबोला धरला. पण त्याच्या बहिणींचा हिस्सा परत द्यायचं माझ्याही मनात आलं नव्हतं, आणि हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आमची लेक, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत देते, ती जिन्यावरून म्हणाली, "जस्ट से नो, आई. इट्स नॉट दॅट डीप." तिला काय कळणार! तिला भाऊ नाही.

पुढच्या आठवड्यात तबेल्यात मला ते खत सापडलं. पिठाच्या व्यापाऱ्याने तिकडची जमीन विकली होती, त्याचं. खत नेहमीचंच, पण खाली न्यायाधीशाचा एक वेगळा दाखला जोडलेला होता. त्यात न्यायाधीशाचं म्हणणं असं, की विकणाऱ्याच्या बायकोला मी तिच्या नवऱ्यापासून बाजूला नेऊन, एकटीला विचारलं. खतात काय आहे ते तिला समजावून सांगितलं. आणि ती कुणाच्या धाकाने किंवा जबरदस्तीने नव्हे, तर आपल्या मर्जीने सही करते आहे असं ती म्हणाली.

मी ते घेऊन मुख्य बाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं की त्या काळी लग्न झालेल्या बाईचं जे काही असेल ते नवऱ्याचं व्हायचं. फक्त नवऱ्याच्या मागे त्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा तिला जन्मभर वापरता यायचा. तो तिने सोडल्याशिवाय विकत घेणाऱ्याला स्वस्थ झोप नाही. म्हणून तिची सही लागायची, आणि ती सही नवऱ्याने दटावून घेतली नाही हे दाखवायला न्यायाधीश नवऱ्याला बाहेर बसवायचा.

"खरोखर बाहेर बसवायचा?" मी विचारलं.

"कागद तरी तसं म्हणतो. दोन मिनिटं बसवत असेल. मग ती त्याच्याच घोडागाडीत बसून त्याच्याच घरी जायची," बाई म्हणाल्या.

"कुणी नाही म्हणालं का कधी?"

"ते कसं कळणार? नाही म्हणालेल्या बाईचा कागदच तयार होत नाही. आपल्या रॅकवर आहेत त्या सगळ्या हो म्हणालेल्या."

तिसरा हिस्सा. आकडासुद्धा तोच. आमच्याकडच्या हक्कसोडपत्रातही एक ओळ असते, की हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देत आहे. मी ती हजारदा टाइप केली आहे. पण कुणाला बाहेर बसवून कुणाला विचारलेलं मी एकदाही पाहिलं नाही. भाऊ बहिणीच्या शेजारच्या खुर्चीतच बसलेला असायचा, बहुतेक वेळा पेन त्याच्याच खिशातलं.

डब्लिनच्या बॉल्सब्रिजमधल्या एका नोटरीकडे आम्ही गेलो तो गुरुवार होता. नवऱ्याने अर्धा दिवस रजा टाकली होती. मी एकटी जाते म्हटलं तर म्हणाला, पार्किंगचा घोळ असतो तिकडे. लाल विटांच्या घरातलं छोटं ऑफिस, गालिचा, भिंतीवर शर्यतीच्या घोड्याचं चित्र. नोटरी म्हातारे आणि सभ्य गृहस्थ. मला पुण्याला जायला लागू नये म्हणून मामेभावाच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं होतं; त्यावर तो माझ्या वतीने हक्कसोडपत्रावर सही करणार होता. नोटरींनी माझा पासपोर्ट पाहिला, फोटोशी तोंड ताडून पाहिलं, हवेबद्दल दोन वाक्यं बोलले. कायद्याने त्यांना जे करायला हवं ते सगळं त्यांनी नीट केलं. मग पेनाचं टोपण काढत त्यांनी विचारलं, "यू आर हॅपी इनफ विथ ऑल दॅट?"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते मला आजही माहीत नाही. नवरा शेजारून म्हणाला, "शी इज ग्रँड." इकडे नुसतं ठीक आहे म्हणायलाही ग्रँड म्हणतात.

"ग्रँड," नोटरी म्हणाले.

आणि मी सही केली. नवऱ्यावर ढकलायला सोपं आहे, पण हात माझा होता. मनात एकच गोष्ट धरून मी ती केली: मी अडून बसले तर भाऊ रोज घरात धुसफुस करेल, आणि ती सगळी आईच्या डोक्यावर. ती त्याच्याकडे राहते. म्हातारपणी तिला दोन घास सुखाने मिळावेत. माझं माहेर तुटलं तरी चालेल, पण तिच्या ताटाला धक्का नको. हे मी मनाला इतकं पटवलं की परतीच्या वाटेवर मला चक्क मोठं मन केल्यासारखं वाटत होतं.

मुखत्यारपत्र पुण्यात पोचलं आणि पंधरा दिवसांत काम फत्ते झालं. माझी मामेभावाने केली तशी आईनेही सही केली, त्याच दिवशी, त्याच टेबलावर. भावाने मला फुलांचा गुच्छ असलेला एक मेसेज पाठवला. नंतर नव्या इमारतीतल्या घराचा नकाशा पाठवला. मास्टर बेडरूम. चिल्ड्रन्स बेडरूम. आणि पलंग आडवा टाकला तर दार न उघडणारी एक खोली, तिच्यावर लिहिलं होतं स्टडी कम गेस्ट. करार त्याच्या आणि बायकोच्या नावाने झाला होता. मी विचारलं, आईचं नाव? तो म्हणाला, पुढे बघू गं, आत्ता पेपर फायनल झालेत. आई कुठे राहणार असं मी विचारलं नाही. नकाशात फक्त एकच खोली शिल्लक होती.

जुनी इमारत रिकामी झाली तेव्हा ते भाड्याच्या छोट्या घरात गेले, आणि भावाने आईचं तिकीट काढलं. "आईला जरा चेंज," तो म्हणाला. नव्वद दिवसांचा व्हिसा. विमानतळावर आई बाहेर आली ती चाकाच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घट्ट धरून. चालता येत होतं तिला चांगलं. पण खुर्चीत बसलं की रांगेत उभं राहावं लागत नाही, असं भावाने तिला शिकवून पाठवलं होतं.

इथे आल्यावर ती चार दिवस नुसती झोपली. मग उठून तिने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. नवरा कारखान्यात, लेक शाळेत, आणि माझा त्या दिवशी तबेला नव्हता. आम्ही दोघी मेथी निवडत होतो. बाबा गेल्यापासून, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांत, आम्ही दोघीच एका खोलीत अशा पहिल्यांदाच बसलो होतो. इतका वेळ मध्ये फोन होता, आणि फोन धरणारा हात.

आई मेथीच्या काड्या बाजूला करत म्हणाली, "तू सही केलीस ना, तेव्हा मला फार आश्चर्य वाटलं."

"म्हणजे?"

"अगं, त्याने कागद आणला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, आधी ताईची सही आण, मग मी करते. मला वाटलं, तू बँकेतली. तुला सगळं कळतं. तू काही सही करायची नाहीस. आणि तुझी नाही म्हटल्यावर माझीही आपोआप राहील. मला काही तोंडाने नाही म्हणायला लागणार नाही." तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मी रोज वाट बघत होते, तुझा नकार कधी येतो. तर एक दिवस तो तुझ्या सहीचं पाकीट घेऊनच आला. मग मी काय करणार? केली."

मी हातातली जुडी खाली ठेवली. "मला एक फोन करायचास ना, आई."

"फोन त्याचाच ना. माझ्या फोनवर रिचार्ज नव्हता किती दिवस."

"मी तुझ्यासाठी केली गं सही. तुला तिथे त्रास होऊ नये म्हणून."

आईने मान वर केली. तिला राग आला असता, तिने मला चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी मी शाळेत डबा विसरून आले की बघायची तशी.

"मला विचारायचंस की," ती म्हणाली.

जगातल्या सगळ्यांना मी विचारलं होतं. भावाला अटी विचारल्या, नवऱ्याला मत विचारलं, मेलेल्या न्यायाधीशाने काय विचारलं होतं ते एका परक्या बाईला खोदून खोदून विचारलं. दोन हिस्से मिळून आमचं बहुमत होतं. दोघींनी एक फोन केला असता तर त्या घरावर आमच्यावाचून पान हललं नसतं. एवढं साधं गणित मी ग्राहकांना रोज समजावून सांगत होते आणि स्वतःच्या आईला फोन करून, "तो जवळ आहे का? नाही? मग सांग, तुला काय हवंय?" इतकं विचारायचं मला सुचलं नाही. मी तिला जपत होते. जपायच्या माणसाला कुणी विचारत नाही.

आईने निवडलेली मेथी चाळणीत घेतली आणि नळाखाली धरली. धुता धुता तिने विचारलं, "इथे नव्वद दिवसांच्या वर नाही ना राहता येत?"

"नाही," मी म्हणाले.

"मग त्या स्टडीत पंखा तरी लावायला सांग त्याला."

तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. आईने ओले हात पदराला पुसले आणि फोन घेतला. तो म्हणाला, कशी आहेस. ती म्हणाली, मजेत. मग तिने फोन माझ्याकडे दिला. त्याने मलाही तेच विचारलं, आणि आई समोर उभी असताना मीही म्हणाले, मजेत.